जाळी रिकामी कोण करणार?

प्रिय सई,



तुमच्या प्रोजेक्टची फाइल मिळाली. ताईने फोनवर ‘तुझ्याच खात्यातलं आहे, नीट बघ’ असं बजावलं होतं, म्हणून पेन्सिल घेऊनच वाचली. ओढ्यात तरंगणारं यंत्र, त्यावर कॅमेरा, सोलर पॅनेल, कचरा वर ओढणारा पट्टा. चौघांची मेहनत पानापानावर दिसते. सर्किटं आणि प्रोग्रामिंग तुमचे सर तपासतील, ते माझं काम नव्हे. मी नोकरीभर महापालिकेचे नाले बघितले, तेव्हा तेवढ्यापुरतंच लिहितो.

आधी मुखपृष्ठ. तिथे समुद्रातलं कासव आहे. तुमचा ओढा मुठेला मिळतो, मुळा-मुठा भीमेला आणि भीमेवर उजनी. तिथून सुटलेलं पाणी पंढरपूरवरून पुढे कृष्णेत, मग जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा बंधारा आणि शेवटी हंसलदीवीजवळ बंगालचा उपसागर. एवढी धरणं ओलांडून समुद्र गाठणारी पुण्याची पिशवी विरळाच. बाकीच्या काठच्या झुडपांत, शेतांत आणि धरणांच्या गाळात अडकतात. मुंबईत गोष्ट वेगळी, तिथे नाल्याच्या तोंडाशीच भरती-ओहोटी असते. म्हणून कासव काढा आणि तुमच्या ओढ्यावरच्या पुलाची तुंबलेली मोरी लावा. नुकसान तिथेच होतंय, ते सांगायला लाजू नका.

बोयान स्लॅटचा उल्लेख तुम्ही केला आहे, पण निम्माच. या डच मुलाने शाळेतल्या प्रोजेक्टवरून सुरुवात केली आणि २०१३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘द ओशन क्लीनअप’ काढली. हे तुम्ही लिहिलंत. पुढचं गाळलंत. २०१८ च्या सप्टेंबरात त्यांची सहाशे मीटर लांबीची तरंगती नळी सॅन फ्रान्सिस्कोहून प्रशांत महासागरात गेली. प्लास्टिक तिच्यापाशी यायचं, पण टिकायचं नाही, कारण नळी आणि प्लास्टिक यांच्या वेगात हवा तेवढा फरक राहत नव्हता. डिसेंबरात तिचा १८ मीटरचा तुकडाच तुटला आणि सगळं ओढून हवाईला न्यावं लागलं. त्यांनी आराखडा बदलला आणि २०१९ मध्ये नद्यांसाठी वेगळं यंत्रही आणलं. समुद्रातला शोध असा उलटा, उगमाकडे सरकला. २०२१ च्या एका अभ्यासात, ज्यात त्यांच्या संस्थेचेही लोक होते, नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के प्लास्टिक हजारभर नद्यांतून येतं असा हिशेब निघाला. त्यात शहरांतून वाहणाऱ्या लहान-मध्यम नद्या पुष्कळ आहेत. तुमच्या फाइलला खरा आधार या भागाचा आहे, आणि नेमका तोच तुम्ही वगळला.

आता कचऱ्याकडे येऊ. तुमचं यंत्र पृष्ठभागावरचं उचलतं. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. बाटलीचं पीईटी पाण्यापेक्षा जड. बूच लावलेली बाटली आतल्या हवेमुळे वर राहते, बूच गेलं की भरते आणि तळाशी जाते. वेफरची पाकिटं गाळ धरून मधल्या पाण्यात लोंबकळतात. तुमचा कॅमेरा यातलं किती बघणार? बादलीत पाणी घेऊन एकेक नग टाकून बघा. तासाभराचं काम आहे आणि त्याने निम्मा आराखडा बदलेल.

पहिल्या पावसानंतर नाल्याच्या जाळीवर काय येतं, ते मी बघत आलो. गाठ मारलेल्या पिशवीत निर्माल्य, नारळ, थर्माकोलचे तुकडे, एकेकटी चप्पल, आणि गुटख्याच्या पुड्यांच्या माळाच्या माळा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे त्या जाळीला कुणी कळवलेलं नाही. या सगळ्यात सर्वांत चिवट म्हणजे दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. नखाएवढा तुकडा, जाळीतून सहज निसटणारा. अख्खी पिशवी भंगारवाला घेतो, कोपरा कोण घेणार? पाण्याच्या बाटल्या तुम्हाला वाटतात तितक्या नाल्यात सापडणार नाहीत, कारण त्यांना किलोमागे भाव आहे आणि पहाटेच कुणीतरी त्या वेचून नेतं. ज्याला भाव नाही तेच वाहत जातं. तुमच्या यंत्राने नेमकं तेच उचलायचं आहे, आणि उचलल्यावर ते विकलं जाणार नाही. म्हणून ‘उत्पन्नाचा स्रोत’ हा रकाना खोडून टाका.

दुसऱ्या टप्प्यात तुमची बायोटेकची मैत्रीण प्लास्टिक खाणारं एन्झाइम आणणार आहे. जपानमधल्या साकाईत, बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळच्या नमुन्यांत एक जिवाणू सापडला आणि २०१६ मध्ये त्याच्या एन्झाइमचा शोध जाहीर झाला, हे खरं. ‘आयजेम’ या जागतिक स्पर्धेत विद्यार्थ्यांच्या कितीतरी संघांनी त्यावर कामही केलं आहे. पण ते एन्झाइम पीईटीतले एस्टर बंध तोडतं. पिशवीच्या पॉलिथिनमध्ये ते बंधच नाहीत. तुमच्या ओढ्यातल्या मालापुढे ते हात टेकणार.

मग करायचं काय? ॲम्स्टरडॅमच्या वेस्टरडॉक कालव्यात २०१९ मध्ये हवेच्या बुडबुड्यांचा एक पडदा बसवला गेला. तळाशी तिरकी घातलेली भोकांची नळी, वर येणारे बुडबुडे, आणि त्यांच्या रेषेने एका काठाच्या पिंजऱ्यात सरकणारा कचरा. बोटी आणि मासे मध्येच अडत नाहीत. या कल्पनेची एक वाट एका विद्यार्थ्यापासून निघाली होती. आपल्या ओढ्यात ती नळी पहिल्याच पावसात गाळाखाली जाईल, तेव्हा उचलून आणू नका. पण त्या मंडळींकडून एक शिका: पिंजरा भरला की तो रिकामा करायला माणसं ठरलेली होती. शहराची यंत्रणा त्यात पहिल्यापासून होती.

तुमच्या फाइलमध्ये हेच पान नाही. पट्ट्याने वर आणलेला कचरा तुमच्या यंत्राच्या पेटीत पडतो. पेटी कधी भरते? कोण उतरवतो? ओला कचरा कुठे वाळवायचा, गाडी कुठल्या रस्त्याने येणार, पावसात त्या काठावर माणूस उभा राहू शकतो का? मी असे सांगाडे पाहिले आहेत, ज्यांच्या उद्घाटनाला हार होते आणि दुसऱ्या पावसाळ्यात गंज होता. यंत्र नादुरुस्त नव्हतं, पेटी रिकामी करायला कुणी नव्हतं, एवढंच.

तेव्हा यंत्राला हात लावायच्या आधी एकाच जागी, रोज एकाच वेळी साधी जाळी लावा. मिळेल ते वाळवा, मग वजन करा. ओल्याचं वजन म्हणजे गाळाचं वजन. ढीग वेगळे करा आणि नोंदवहीत लिहा. पहिल्या पावसाचा दिवस वेगळा लिहा. वॉर्ड ऑफिसमधल्या मुकादमाला चहा पाजून विचारा, तो तुम्हाला कुठल्याही गाइडपेक्षा जास्त सांगेल.

आणि स्पर्धेत बक्षीस मिळालंच, तर ते दुसऱ्या मॉडेलवर उडवू नका. त्यातून पुढच्या एका पावसाळ्यापुरता एका माणसाचा पगार काढा आणि तसा कागद आधीच करून कॉलेजची सही घ्या. परीक्षकांसमोर तोच कागद पहिला ठेवा. पेन्सिलच्या खुणा केलेली फाइल परत पाठवतो आहे.

तुझा
मामा