सात मात्रा

गेल्या पावसाळ्यापासून आमचे बेसवाले अंकल वाजवत नाहीत. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका सकाळी वळतच नाहीत. दुपारी वळल्या तरी तार दाबण्याइतकं बळ त्यांच्यात नसतं. बावीस वर्षं मी माझ्या कविता त्यांच्या बेसवर म्हटल्या. आता त्यांच्या जागी पंचविशीतली एक मुलगी वाजवते. तिचा सूर त्यांच्याहून स्वच्छ आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं कुणी तिच्याविषयीची तक्रार म्हणून वाचणार नाही.

‘डबा’ नावाची माझी एक कविता आहे. १९८२च्या संपानंतर गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही, तरी आई रोज पहाटे वडिलांचा डबा भरत राहिली, एवढीच तिची गोष्ट. आम्ही ती एफमधल्या संथ ब्लूजवर करतो, साठच्या लयीत. शब्दांचे तीन कोरस, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा बारांची तीन आवर्तनं; चौथा नुसता वाद्यांचा. तिसऱ्या कोरसची शेवटची ओळ दहाव्या बारला संपते आणि दोन बार मोकळे राहतात. त्या जागी मला बावीस वर्षं दाद मिळाली. टाळ्या म्हणत नाही मी. टाळ्या शेवटी येतात आणि त्यांत सौजन्यही असतं. इथे अंधारातून एक ‘आह’ यायचा, पुष्कळ माणसांचा मिळून एकच. एखाद्या बाईचा ‘अगं आई’ ऐकू यायचा. मी त्यासाठी ती कविता म्हणायचो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

नव्या मुलीबरोबरच्या पहिल्या तीन कार्यक्रमांत त्या जागी काहीच आलं नाही.

मी आधी श्रोत्यांना दोष दिला. त्याला कारणंही होती. हल्ली निवेदकच सुरुवातीला सांगतो, ओळ आवडली की चुटक्या वाजवा. न्यूयॉर्कच्या मॅकडूगल स्ट्रीटवरच्या गॅसलाइट कॅफेत टाळ्यांचा वरच्या बिऱ्हाडांना त्रास व्हायचा, म्हणून चुटक्या आल्या, अशी कथा सांगतात. तिथे ती शेजाऱ्यांसाठी काढलेली वाट होती. इथे चुटकी हुकमाने येते, आणि कवीही मग तिच्यासाठी लिहितो. दर चौथ्या ओळीला आवाज चढवायचा, थांबायचं, चुटक्या गोळा करायच्या आणि पुढे जायचं. काहीजण तर लॅपटॉपवरून तयार ट्रॅक लावून त्यावर बोलतात. ट्रॅक तुमचं ऐकत नाही. तुम्ही अडखळलात तरी तो पुढे निघून जातो. याला जॅझ म्हणतात तेव्हा मला राग येतो, आणि तो मी आवरत नाही.

पण माझ्या तीन कार्यक्रमांत चुटक्याही आल्या नव्हत्या. माणसं लक्ष देऊन ऐकत होती. तेव्हा दोष त्यांच्याकडे ढकलून भागेना.

आमच्या श्रोत्यापुढे एक खरी अडचण असते: दाद द्यायची केव्हा? १९७८ साली मुंबईच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली, तेव्हा मी कॉलेजात होतो. सनी रोलिन्सना तिथे ऐकलं. सोलो संपला की लोक टाळ्या वाजवत होते, बँड पुढे वाजवत होता, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मी वाढलो भजनाच्या आणि गाण्याच्या बैठकीत. तिथे दाद मध्येच जाते, आणि समेवर तर सगळ्यांच्या माना एकदम हलतात, कारण सम कुठे येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक असलेल्या जागी गवई ठाऊक नसलेल्या वाटेने येतो, त्याची ती दाद. कवितेला अशी सम नसते. ओळ कधी संपणार हे फक्त कवीला माहीत. श्रोता दाद द्यायला तोंड उघडतो तोवर पुढची ओळ आलेली असते. मग तो दोनदा फसतो आणि तिसऱ्यांदा गप्प बसतो.

लँग्स्टन ह्यूजनी ही अडचण फार आधी ओळखली होती, असं मला वाटतं. ‘द वेअरी ब्लूज’ हा त्यांचा संग्रह १९२६चा. ब्लूजमध्ये पहिली ओळ पुन्हा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. चार बारच्या जागेत ओळ साधारण निम्मी जागा घेते, उरलेली वाद्यांची. त्या बांधणीत लिहिलेली कविता ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते आपोआप कळतं. १९५८मध्ये त्यांनी चार्ल्स मिंगस आणि लेनर्ड फेदर यांच्याबरोबर आपल्या कविता ध्वनिमुद्रित केल्या. तिथे समोर श्रोते नाहीत, तरी दाद आहे. ती वाद्यांकडून येते. त्याच सुमाराला, १९५७मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या सेलर क्लबमध्ये केनेथ रेक्सरॉथ आणि लॉरेन्स फेर्लिंगेटी बँडबरोबर कविता वाचत होते. कवीने बँडबरोबर कसून तालीम केली पाहिजे, असं रेक्सरॉथ आग्रहाने म्हणत. जॅक केरुॲकच्या मागे स्टीव्ह ॲलनचा पियानो गोड आहे, पण तो कवितेच्या शेजारून चालतो, तिच्या आत शिरत नाही. आमचा बँड आत शिरतो, याचा मला अभिमान होता. तो कशामुळे शिरतो, ते मात्र मी कधी तपासलं नाही.

मग जुन्या टेप काढल्या. ‘डबा’ची पाच रेकॉर्डिंगं हाताला लागली. शेवटची ओळ संपते. अकराव्या बारच्या पहिल्या मात्रेवर अंकल एक सूर वाजवतात आणि तो मरू देतात. इथे कुणीही बेसवाला टर्नअराउंड वाजवून पुढच्या कोरसला नेतो. अंकल नेत नाहीत. पियानो गप्प, ड्रमरचे ब्रश वर. मग सगळ्यांत खालच्या तारेवरचा एफ, आणि ‘आह’ येतो तो त्या एफवर. माझ्या ओळीवर नाही. पाचही टेपांत नाही.

आधीच्या दोन कोरसांनी श्रोत्याच्या कानात बारा बार बसवलेले असतात. दोन बार रिकामे गेले की त्याचं शरीर पहिल्या मात्रेची वाट बघू लागतं. अंकलनी माझ्या कवितेला सम दिली होती.

मी मुलीला सांगितलं, तिथे थांब, सात मात्रा सोड, मग एफ. तिने बिनचूक सात सोडल्या. दाद आली नाही. पुन्हा टेपांकडे गेलो, घड्याळ घेऊन. एकीत सात मात्रा आहेत. दुसरीत अकरा, म्हणजे अख्खा एक बार जास्त, आणि बँड त्यांच्यासाठी थांबला आहे. तिसरीत जेमतेम पाच. मग सांगायचं काय तिला? किती? दोन महिने मी याच एका प्रश्नावर अडून बसलो होतो. झोपताना मात्रा मोजायचो.

शेवटी टेप घेऊन अंकलकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून ऐकली. त्या जागी त्यांचा वाकडा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला आणि बरोबर एफवर खाली आला.

“मोजत होतात काय?” मी विचारलं.

“मोजतोय कशाला? पुढच्या रांगेतल्या लोकांचे खांदे बघायचो. तुझी ओळ आली की ते वर जातात. खाली येऊ लागले की वाजवायचं.”

“मला कधी दिसले नाहीत.”

“तुला कसे दिसणार रे बाबा? लाइट तुझ्या तोंडावर. आणि तू डोळे मिटायचास.”

खरं आहे. मी डोळे मिटून उभा असायचो. ती शांतता मी निर्माण केली, अशी माझी समजूत होती. कार्यशाळांमध्ये मी विराम शिकवला आहे. ओळीनंतर किती थांबायचं ते कवीला पोटातून कळतं, असं मी पोरांना सांगितलं आहे, आणि त्यांनी ते वह्यांत उतरवून घेतलं आहे. या बावीस वर्षांत कार्यक्रमानंतर लोक माझा हात हातात घ्यायचे, तेव्हा अंकल मागे बेसला गवसणी घालत असायचे. एकदाही मी त्यांना पुढे बोलावलं नाही.

मुलीने परवा विचारलं, जुनं रेकॉर्डिंग ऐकायला मिळेल का? मी तिला एक दिलं, दुसऱ्या कवितेचं. खांद्यांची गोष्ट सांगितली तर तिला ते जमेल. तिचे कान चांगले आहेत आणि ती डोळे उघडे ठेवून वाजवते. त्या जागी ‘आह’ परत येईल. पण आता तो कुणाचा आहे हे मला माहीत असेल, आणि मला लाइटखाली उभं राहून तो ऐकावा लागेल.

पाचही टेप अजून माझ्याच कपाटात आहेत.