घाटाआधी हँगर

वाई, रविवार रात्र

चि. बाळ,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, विकून टाकते ती सायकल. स्वस्तातली आहे, गियर असेच अडकणार म्हणे." आणि लगेच आईच्या गुडघ्यांकडे वळलीस. मी तेव्हा काही बोललो नाही, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. विकायची तर वीक, सायकल तुझी आहे. पण हे "म्हणे" कुणाचं? ज्या दुकानदाराने सायकल स्टँडवर चढवली नाही, मागचं चाक फिरवून पाहिलं नाही, केबलला बोट लावलं नाही, त्याने दारात उभ्या उभ्या सांगितलं की एंट्री लेव्हल आहे, वरचा ग्रुपसेट, म्हणजे गियर-ब्रेकचा महाग संच, घाला. आणि तू ते खरं मानलंस! आजीचं मशीन घरात सगळ्यांनी हात टेकल्यावर ज्या पोरीने चालू केलं, तिने?

आता नीट वाच. त्याच बोलण्यात तू दोन गोष्टी ओझरत्या सांगितल्यास. पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरचा धक्का लागून सायकल पडली होती, आणि चढावर सगळ्यात हलका गियर टाकला की मागून कटकट आवाज येतो. तुला दोन्ही किरकोळ वाटल्या. माझी झोप उडाली ती या दोन गोष्टींनी.

सायकल उजव्या अंगावर पडली असणार. मागचा डिरेलर, म्हणजे चेनला एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, उजवीकडेच असतो, आणि फ्रेमला तो ज्या लहानशा ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो, तो हँगर. हा तुकडा मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे धक्क्यात तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. उजवीकडून मार बसला की तो आत, चाकाकडे वाकतो. मग एक गियर जुळवला की दुसरा बिघडतो, आणि चेन सर्वांत मोठ्या चकतीवर, म्हणजे सर्वांत हलक्या गियरवर, गेली की डिरेलर स्पोकना घासायला लागतो. तुझी कटकट बहुधा हीच. जोर लावून चढत असताना तो स्पोकमध्ये गेला, तर मागचं चाक जागच्या जागी थांबतं. जुन्या कात्रज बोगद्याच्या चढावर, मागे ट्रक असताना. पुढचं मी लिहीत नाही. पहाटे अंधारात एकटी जातेस हेही तू मला सांगितलं नाहीस, तुझ्या आईकडून कळलं.

तर पहिलं काम हे: सायकल सरळ उभी करून मागे जमिनीवर बस, डोळे डिरेलरच्या उंचीवर आण. डिरेलरमध्ये खाली दोन छोटी चाकं असतात. ती वरच्या चकतीच्या बरोबर रेषेत, उभी दिसली पाहिजेत. खालचं चाक स्पोकच्या दिशेने कललेलं दिसलं, तर दोष गियरचा नाही, किमतीचा नाही, त्या स्कूटरवाल्याचा आहे. हँगर सरळ करायचं एक लांब दांड्याचं माप असतं. ज्या दुकानात ते आहे तिथेच जा. पान्याने अंदाजे वाकवू देऊ नकोस. फारच वाकला असेल तर नवा बसतो, फक्त तुझ्या मॉडेलचाच लागतो, तेव्हा जुना सोबत ने.

आणि व्हिडिओ बघून तू डिरेलरवरचे ते दोन स्क्रू फिरवलेस, त्याबद्दल मी खरंच रागावलो आहे. एच आणि एल लिहिलेले ते स्क्रू चेनला दोन्ही टोकांच्या पलीकडे जाऊ देत नाहीत, एवढंच त्यांचं काम. मधले गियर अडखळत असतील तर त्यांचा काही संबंध नसतो. पण एल सैल झाला की चेन मोठ्या चकतीवरून उडून स्पोकमध्ये पडू शकते. म्हणजे आधीच वाकलेल्या हँगरला तू उरलेला अडसरही काढून दिलास की काय, ही मला धास्ती आहे. दुकानात गेल्यावर किती आटे फिरवलेस ते सांग, लाजू नकोस.

हँगर सरळ झाल्यावरही गियर अडखळले तर केबलकडे वळ. स्वस्त सायकलीचे गियर वाईट म्हणून जे काही बोललं जातं, त्यातलं बरंचसं केबलचं असतं आणि बदनाम डिरेलर होतो. शिफ्टरची एक टिचकी म्हणजे ठरावीक लांबीची केबल ओढणं. तेवढ्यावर डिरेलर एक चकती सरकतो. नव्या सायकलीत पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये आउटरची, म्हणजे केबलवरच्या नळीची, टोकं आपापल्या जागी बसतात, केबल किंचित ढिली पडते, आणि ओढ कमी भरते. म्हणून तर पहिली सर्व्हिस असते. ती तू चुकवलीस, सेमिस्टर होतं म्हणून. सेमिस्टर कुणाला नसतं?

हात कसा चालवायचा ते सांगतो. चेन सर्वांत लहान चकतीवर घे, पेडल हाताने फिरव, एक टिचकी दे. चेन दुसऱ्या चकतीवर चढायला कुरकुरली तर केबल ढिली आहे. डिरेलरला केबल जिथे शिरते तिथला गोल नॉब, मागून बघत, घड्याळाच्या उलट दिशेने पाव-अर्धा फेरा फिरव, पुन्हा टिचकी दे. मोठ्या चकतीकडे झटकन जाते पण लहानकडे उतरताना रेंगाळते, असं झालं तर एक तर केबल जास्त ताणली आहे, नाहीतर आउटरच्या आत घाण किंवा गंज आहे. कारण खाली उतरवतो तो डिरेलरचा स्प्रिंग, आणि तो जाम केबलपुढे हरतो. तुझी सायकल पावसाळाभर भिजली आहे. मागच्या चाकापाशी आउटरचा जो शेवटचा वळसा असतो, पाणी आणि चिखल तिथेच साठतो. तुझ्या फ्रेमला केबल बाहेरून जाते हे फार बरं आहे. चेन मोठ्या चकतीवर घे, मग पेडल न फिरवता शिफ्टर पूर्ण सोड. केबल लोंबेल आणि आउटर फ्रेमच्या खाचेतून बाहेर येईल. आउटर मागे सरकव आणि आतली तार बघ. तांबूस, खरखरीत लागली तर पुसत बसू नकोस, केबल आणि आउटर दोन्ही बदल. ग्रुपसेटच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

शिफ्टरच्या आत केबलचं डोकं बसतं, तिथे तिचे धागे उसवतात. टिचकी मऊ लागायला लागली तर तुटायची वाट बघू नकोस. मागची केबल तुटली की चेन सर्वांत लहान चकतीवर, म्हणजे सर्वांत जड गियरवर जाऊन बसते. पसरणी घाटाच्या मध्यावर तसं झालं म्हणजे काय होतं, ते तुझ्या मोठ्या मामाला विचार.

आणि चेन मोज. स्टीलची पट्टी घे. चेनच्या 12 पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक) बरोबर 12 इंच भरल्या पाहिजेत. एक सोळांश इंच जास्त भरली की चेन बदल. एक अष्टमांश होऊ दिलीस तर कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, तोही जाईल.

आता मुख्य गोष्ट, जी त्या दुकानदाराला मला समोर बसवून सांगायची आहे. शिमानोच्या तुझ्या क्लॅरिस संचाला मागे आठ चकत्या आहेत म्हणून तो कमी प्रतीचा, हे कुणी ठरवलं? 1984 साली शिमानोने ड्युरा-एस या आपल्या सर्वांत वरच्या संचात टिचकी देणारे गियर आणले. त्याआधी रोड सायकलवाले बहुतेक फ्रेमवरची दांडी सरकवत कानाने गियर शोधायचे. 1990 च्या सुमाराला गियर ब्रेकच्या दांडीत आले, तेही त्याच सर्वांत वरच्या संचात, आणि मागे किती चकत्या होत्या? आठ. आल्प्सचे घाट त्या काळी तेवढ्यावर चढले गेले. तीच सोय आज तुला पहिल्या पायरीवर मिळाली आहे. शिवाय आठच्या कॅसेटमध्ये दोन चकत्यांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत 4.8 मिलिमीटर अंतर असतं, अकराच्या कॅसेटमध्ये पावणेचारच्या आसपास. म्हणजे केबल किंचित इकडेतिकडे झाली तरी तुझे गियर जास्त समजून घेतात आणि महागडे जास्त लवकर रुसतात. तुझ्यासारख्या, पावसात जाणाऱ्या आणि सर्व्हिस चुकवणाऱ्या मुलीला हेच योग्य आहेत. न बघता, न ऐकता "वरचं घ्या" सांगायची आता दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे सवय झाली आहे, आणि आपणही पाकीट काढतो. मला त्याची चीड येते. वस्तू आपल्याशी काय बोलते ते आधी ऐकावं, किंमत मग विचारावी.

तुझ्या ग्रुपमधल्या मुलांसमोर हलका गियर टाकायला तुला कमीपणा वाटतो, हेही मला माहीत आहे. हलका गियर म्हणजे कमीपणा असं म्हणणारे फार पूर्वीपासून आहेत. टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या देग्रांजने डिरेलरला वर्षानुवर्षं विरोध केला. 1937 साली कुठे शर्यतीत परवानगी मिळाली. तिकडे सेंट-एतिएनचा पॉल द व्हिव्ही त्याच्या कितीतरी आधीपासून गियरची बाजू लढवत होता. मी व्हिव्हीच्या बाजूचा. गुडघे आईचे बघतेस ना? मग चढ दिसला की त्याच्या आधीच गियर बदल, पाय ओझ्याखाली आल्यावर नाही. बदलताना मोटरसायकलचा क्लच दाबल्यासारखा क्षणभर पेडलवरचा जोर काढ, पाय मात्र फिरता ठेव. एका वेळी एकच टिचकी. पुढे मोठी आणि मागेही मोठी, किंवा दोन्हीकडे लहान, असं चालवू नकोस. चेन तिरकी ओढली जाते आणि खरखरते. आणि खाली वाकून गियर बघायची तुझी सवय मोड. रस्ता समोर असतो.

सगळं एका दिवसात करायला नको. सिंहगडाचा बेत पुढच्या रविवारचा आहे असं कळलं. हँगर तपासून सरळ होईपर्यंत तू सिंहगडही करायचा नाहीस आणि कात्रजही नाही, सपाटीवरही मागची सर्वांत मोठी चकती टाकायची नाही. डिरेलरचा मागून काढलेला फोटो मला पाठव, आणि दुकानातून निघालीस की, कितीही वाजले असले तरी, फोन कर.

तुझा,
मामा