निवाऱ्यातून खोलीकडे

दिवाळी सरत आली की आमच्याकडे फोन सुरू होतात. ‘ब्लँकेटं वाटायची आहेत, फूटपाथवरची माणसं कुठं भेटतील?’ विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण मुंबईत उघड्यावर राहणाऱ्या कुणालाही वर्षातले सगळ्यात वाईट दिवस कोणते म्हणून विचारा, तो पावसाळ्याचं नाव घेईल. अंग टेकायला कोरडी फरशी नाही, चूल पेटत नाही, पोरांच्या पायांना चिखल्या होतात आणि कागदपत्रांच्या पिशवीचा लगदा होतो. थंडीनं माणसं दगावतात ती मुख्यतः उत्तरेत. सर्वोच्च न्यायालयानं 2010 च्या जानेवारीत निवाऱ्यांबद्दल आदेश दिले तेही दिल्लीतल्या थंडीच्या पार्श्वभूमीवर. रात्र निवारा म्हणजे हिवाळ्यातली सोय, ही समजूत बहुधा तिथूनच आपल्याकडे आली.

बेघरांसाठी निवारा चालवू इच्छिणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना मी प्रशिक्षण देते. त्यांना पहिल्यांदा सांगते ते हेच, की इमारत बघायच्या आधी रस्ता बघा, आणि तो रात्री बघा. 2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. राज्यात 2 लाख 10 हजारांवर, मुंबईत सुमारे 57 हजार अशी नोंद झाली. रस्त्यावर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना हा आकडा कमी वाटतो. लग्नाच्या केटरिंगला जाणारी मुलं रात्री दोन-तीनला परततात. बाजारातले हमाल हातगाडीवरच झोपतात आणि पहाटे गाडी लागली की उठून जातात. एकट्या बायका तर रात्रभर स्टेशनच्या उजेडात जाग्या बसतात आणि दिवसा, वर्दळीत, बाकड्यावर डोळा लावतात. दिवसा झोपलेली बाई पाहून लोक तिला आळशी म्हणतात तेव्हा मला फार यातना होतात.

यातली बहुतेक माणसं कष्टकरी आहेत. म्हणून निवारा कामाच्या जागेपासून पायी अंतरावर हवा. शहराच्या टोकाला, मोकळा भूखंड मिळाला म्हणून बांधलेले निवारे रिकामे पडतात आणि मग ‘बेघर येतच नाहीत’ असा शेरा फाइलीत जातो. पहाटे चारला मार्केटला पोचायचं असणारा माणूस तिथं कसा येईल? दाराची वेळही तशीच. रात्री दहाला कडी लावणारा निवारा केटरिंगच्या पोरांच्या काहीच कामाचा नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात 2013 पासून जी योजना आली, तिच्यात निवारे चोवीस तास, बारा महिने चालवायचे असं स्पष्ट लिहिलं होतं. माणशी किमान 50 चौरस फूट जागा, आणि दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय. मुंबईची 2011 ची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख. हिशेब केला तर शंभर जणांचे सव्वाशे निवारे लागतात. प्रत्यक्षातली संख्या याच्या जवळपासही नाही.

आत काय हवं, याची यादी बाहेरून गेलेला माणूस करतो तेव्हा पंखे, गाद्या, टीव्ही यांनी सुरुवात करतो. राहणारे सांगतात ते कुलपाचं कपाट. कामावर जाताना सामान कुठं ठेवायचं, हा त्यांच्या रोजच्या जगण्यातला सगळ्यात मोठा प्रश्न असतो. आणि कुटुंबं? पुरुषांचा निवारा एकीकडे, बायकांचा दुसरीकडे, मोठा मुलगा तिसरीकडे, असं सांगितलं की कुटुंब मुकाट्यानं पुन्हा पुलाखाली जातं. त्यांचं बरोबर आहे. छतासाठी घर मोडायचं कुणी?

ओळखपत्र नाही म्हणून दारातून परत पाठवणं मला अक्षम्य वाटतं. ओळखपत्र मिळवून देणं हेच तर निवाऱ्याचं काम. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखानं विहित नमुन्यात दिलेल्या दाखल्यावर आधार निघण्याची तरतूद झालेली आहे. मतदार यादीसाठी तर पत्त्याचा कागदही लागत नाही. अर्जात जी जागा लिहिली तिथं केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं रात्री येऊन तो माणूस खरोखर तिथंच झोपतो का, एवढं पाहायचं असतं. हे ना बेघरांना माहीत असतं, ना अनेकदा त्या अधिकाऱ्याला. संस्थेच्या माणसानं नियमाची प्रत हातात घेऊन त्याच्यासोबत जावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, आणि यातूनच पुढचं रेशन, पेन्शन, बँकेचं खातं उभं राहतं.

मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीत 2017 चा मानसिक आरोग्य कायदा पोलिसांवर जबाबदारी टाकतो: रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णाला संरक्षण द्यायचं, उपचारापर्यंत पोचवायचं. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेनं अशा हजारो माणसांना बरं करून गावी पोचवलं आहे. साध्या निवाऱ्यानं हे काम अंगावर घेऊ नये. पण कुठं पाठवायचं, हे तिथल्या प्रत्येक केअरटेकरला ठाऊक हवं.

केअरटेकरबद्दल थोडं अधिक बोलायला हवं. योजनेत पन्नास जणांच्या निवाऱ्याला चालवायला वर्षाला सहा लाख रुपये धरले होते, म्हणजे महिन्याला पन्नास हजार. तीन पाळ्यांचे तीन केअरटेकर, एक व्यवस्थापक, सफाई, वीज, पाणी. मांडून बघा. शिवाय अनुदान वेळेवर येईलच असं नाही. तीन महिने पगार थकलेल्या माणसाकडून रात्री दोनला दारू पिऊन आलेल्याशी मायेनं बोलण्याची अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करतो? ज्या संस्थेकडे सहा महिन्यांचे पगार देण्याइतका स्वतःचा निधी नाही, तिनं निवारा चालवायला घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य मुद्दा. निवाऱ्यांची पाहणी होते तेव्हा रजिस्टर बघितलं जातं: काल रात्री किती खाटा भरल्या? मला विचारायचं असतं, या वर्षी इथून किती जण स्वतःच्या भाड्याच्या खोलीत गेले? न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी 1992 मध्ये आधी घर, मग उपचार आणि बाकीचं, अशी पद्धत सुरू केली. फिनलंडनं 2008 पासून तेच राष्ट्रीय धोरण केलं आणि तिथले बेघर कमी झाले. आपल्याकडे सरकारी घरांचा तेवढा साठा नाही, हे खरं. पण रोज कमावणाऱ्या माणसाला महिन्याचं भाडं बऱ्याचदा परवडतं. अडतं ते एकरकमी डिपॉझिटवर, अकरा महिन्यांच्या करारावर आणि जामीन राहणाऱ्या माणसावर. संस्थेनं डिपॉझिटसाठी फिरता निधी ठेवला, करारावर सोबत सही केली आणि पुढे वर्षभर महिन्यातून एकदा जाऊन विचारपूस केली, तर माणूस त्या खोलीत टिकतो. हे मी पाहिलं आहे.

तेव्हा या दिवाळीत ब्लँकेटं जरूर द्या. पण आधी जवळच्या निवाऱ्यात जाऊन काय हवंय ते विचारा. आणि तुमच्याकडे भाड्यानं देण्याजोगी खोली असेल, तर निवाऱ्यातून आलेल्या माणसाला ती नाकारू नका. करारावर सही करायला एखादी संस्था त्याच्यासोबत आलेली असेल.