पापडाला कर्ज मिळतं

"ताई, पाण्याचं राहू द्या, पापडाचं बघा."

पालघरच्या एका सभागृहात उद्योजकतेच्या कार्यशाळेत व्याख्याते हे हसत हसत म्हणाले. पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसले असणार, कारण अशा वेळी आपलं तोंड आपलं ऐकत नाही. राग आला तो परतीच्या गाडीत, आणि तो अजून गेलेला नाही.

सालवडला राहणाऱ्याला तारापूरची एमआयडीसी समजावून सांगावी लागत नाही. मी दांडेकर कॉलेजची बीएस्सी, केमिस्ट्री. लग्नाआधीपासून इथल्या औषधाच्या कारखान्यांत लॅबमध्ये काम केलं, सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर सोडलं. त्या गेल्या, पण नोकरी परत मिळाली नाही. चाळिशीतल्या बाईला लॅबमध्ये कोणी घेत नाही, पंचविशीतला पोरगा अर्ध्या पगारात मिळतो. एवढंच.

नोकरी गेली तरी लोकांच्या लेखी मी 'लॅबवाली'च राहिले. शिवाजीनगरच्या चाळीतून, कुंभवली नाक्यावरून, कधी नवापूरहूनही कोणीतरी बाटली घेऊन येतं. बोअरचं पाणी पिवळं येतंय, बघ ना. विहिरीला वास येतो, बघ ना. थंड पेयाच्या बाटलीत तळाला गोड थेंब तसाच, आणि वर पाणी. मी ओरडते. बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची, काठोकाठ भरायची, जंतू बघायचे असतील तर निर्जंतुक बाटली, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. मग घरातला पीएच मीटर आणि टीडीएस मीटर काढते आणि सांगता येईल तेवढं सांगते. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक आहे, आयएस 10500. त्यात पीएच साडेसहा ते साडेआठ, विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यायचे, नायट्रेट 45 च्या वर नको. मीटरवर यातलं निम्मंही कळत नाही. म्हणून ठरवलं की रीतसर तपासणी केंद्रच काढायचं. एक गाळा, वजनकाटा, इनक्युबेटर, सीओडीचा, म्हणजे पाण्याची रासायनिक प्राणवायू मागणी मोजायचा, डायजेस्टर, एक साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर, काचसामान. जड धातूंचं यंत्र माझ्या आवाक्याबाहेरचं, ते नमुने बाहेर पाठवायचे. जुनी यंत्रं धरून सगळं दहा लाखांच्या आत बसत होतं.

त्याच सुमाराला दोन पत्रकं हातात आली. पालघरला लघुउद्योगांसाठी अर्थसाहाय्याची कार्यशाळा, आणि मुंबईच्या एका कॉलेजात पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय परिषद, विषय 'औद्योगिक पट्टे आणि जलस्रोत'. मला वाटलं, एकीकडे पैसे कळतील, दुसरीकडे पाणी.

कार्यशाळेत माहिती चांगली मिळाली, ते खोटं बोलणार नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 पासून चालू आहे. उत्पादनाच्या उद्योगाला पन्नास लाखांपर्यंत आणि सेवेच्या उद्योगाला वीस लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो. ग्रामीण भागातल्या बाईला 35 टक्के अनुदान, स्वतःचे फक्त पाच टक्के घालायचे. ते अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत मुदत ठेवीत पडून राहतं, धंदा चालू दिसला की मग कर्जात वळतं होतं. उद्योग नवाच हवा, जुन्याला मिळत नाही. अर्जाला पैसे लागत नाहीत. सालवड ग्रामपंचायत असल्यामुळे कागदोपत्री आम्ही ग्रामीण. खिडकीतून कारखान्यांच्या चिमण्या दिसतात हा भाग वेगळा. मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

मग उदाहरणं सुरू झाली. पुरुषांसाठी फॅब्रिकेशन, पेव्हर ब्लॉक, गॅरेज. "आणि आमच्या ताईंसाठी" म्हणून पापड, मसाला, ब्यूटी पार्लर, कापडी पिशव्या. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून म्हणाले, पाणी तपासणीची लॅब. व्याख्यात्यांनी ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे आरओचं पाणी, जार भरून विकायचं?" नाही म्हटलं, विकायचं नाही, तपासायचं. ते क्षणभर थांबले आणि मग ते पापडाचं वाक्य आलं. वर म्हणाले, पापडाला कर्ज मिळतं, बँकेला पापड कळतो.

मला पापडाचा तिटकारा नाही. माझ्या जाऊबाई पापड करतात आणि उत्तम करतात. पण त्या सभागृहात डिप्लोमावाल्या मुली होत्या, एक फार्मसी झालेली होती, माझ्या शेजारची मुलगी एका कंपनीत वेल्डिंगची तपासणी करत होती, वेल्ड बघून सांगायची आत पोकळी आहे की नाही. तिलाही पार्लर सांगितलं. ती काही बोलली नाही, फोनमध्ये बघत बसली. जेवणाच्या सुट्टीत बाहेर एक माणूस लॅपटॉप घेऊन बसला होता, प्रकल्प अहवाल विकत होता. पापडाचा तयार, मसाल्याचा तयार, नाव आणि गाव बदललं की झालं. माझ्या लॅबचा तयार नव्हता, तो "स्पेशल", म्हणून तिप्पट पैसे. अर्ज फुकट असतो हे आत नुकतंच सांगितलं होतं, आणि दारात रांग लागली होती. मला त्या माणसाचं फारसं काही वाटलं नाही, त्याला पोट आहे. बायकांना विचारण्याआधीच उत्तर ठरवून आलेल्या माणसाचं वाटलं. आजही मी कुठल्या कार्यशाळेचं पत्रक वाचलं की आधी वक्त्यांची नावं वाचते आणि त्यांच्यात लॅबचं, यंत्राचं, हिशेबाचं काम केलेली एखादी बाई आहे का ते शोधते. तुम्हीही शोधा. नसेल तर फक्त योजनेची माहिती घ्या आणि जेवणाआधी निघा.

अहवाल मीच लिहिला. बँकेतले साहेब सभ्य होते. पाणी दिलं, फाइल नीट वाचली. दहा लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा तेव्हा नियम होता, आणि त्यांनी मागितलंही नाही. त्यांनी एकच विचारलं, "मॅडम, गिऱ्हाईक कोण?" मी म्हटलं, लोक बाटल्या घेऊन येतात. ते म्हणाले, पैसे देतात का? सरकारच्या जल जीवन मिशनमध्ये गावातल्या बायकांना किट देऊन पाणी तपासायला शिकवलंय, सरकारी प्रयोगशाळा नाममात्र दरात करून देते, मग तुम्हाला कोण देईल? मी म्हटलं, कारखाने. ते म्हणाले, कारखान्याला एनएबीएल मान्यतेच्या लॅबचा अहवाल लागतो. तुम्हाला आहे मान्यता? मान्यता मिळायला लॅब आधी चालू असावी लागते, कामाच्या नोंदी असाव्या लागतात, यंत्रांची प्रमाणपत्रं असावी लागतात. आणि लॅब चालू व्हायला कर्ज. हे त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, बरोबर आहे तुमचं. पण फाइल परत दिली.

आठवडाभर त्यांच्यावर चिडून होते. मग हिशेब मांडला. त्या बाटल्यांचे पन्नास रुपये कोणाकडून घ्यायचे? नवापूरच्या मावशीकडून? कारखान्यांचं पाणी जिथे समुद्रात सोडतात तिथेच तिच्या नवऱ्याची होडी. साहेबांचा प्रश्न वाईट नव्हता. माझ्याकडे त्याला चांगलं उत्तर नाही आणि तरी ते चुकले असंच मला वाटतं.

परिषदेला गेले ती या मनःस्थितीत, पहाटेच्या डहाणू लोकलने. नोंदणीचे तीन दर होते. विद्यार्थी, प्राध्यापक आणि इंडस्ट्री. मी विद्यार्थी नाही, प्राध्यापक नाही. टेबलावरच्या मुलीने बराच विचार करून मला इंडस्ट्रीत घातलं, म्हणजे सगळ्यांत महाग दर. गळ्यात बिल्ला आला, 'इंडस्ट्री डेलिगेट'. दिवसभर लोक विचारत होते, कुठली कंपनी? एका प्राध्यापकांनी तर मला कोपऱ्यात घेऊन विद्यार्थ्यांच्या प्लेसमेंटबद्दल विचारलं. गॅसच्या वासाने रात्री खिडक्या लावून झोपणारी मी, तिथे त्या गॅसची प्रतिनिधी होते.

दुपारच्या सत्रात तारापूर आलं. पडद्यावर नकाशा, त्यावर आकडे दिलेले ठिपके. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या 100 औद्योगिक क्षेत्रांचा निर्देशांक काढला त्यात तारापूर पहिलं, 93.69. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये हरित लवादाकडे नेलेलं तारापूरच्या प्रदूषणाचं प्रकरण, 2022 च्या जानेवारीतला भरपाईचा आदेश, हे सगळं एका स्लाइडवर उरकलं. इथे ज्यासाठी माणसं वर्षानुवर्षं तारखांना गेली ते तिथे प्रस्तावना होतं. मग निष्कर्ष आले. नाल्यातली सीओडी अपेक्षेपेक्षा कमी, परिस्थिती सुधारत असल्याचं दिसतं.

मी हात वर केला. नमुने कोणत्या महिन्यात घेतले? पेपर वाचणारी मुलगी प्रामाणिक होती, म्हणाली, जुलै आणि ऑगस्ट. मी म्हटलं, जुलैत आमच्या नाल्यात पाऊस वाहतो. किती वाजता घेतले? सकाळी अकरा. वार? तिला आठवत नव्हतं. मी म्हटलं, सीओडीची चाचणी मी हाताने केलेली आहे, डायक्रोमेट घालून दोन तास दीडशे अंशांवर उकळायचं आणि शेवटी रंग हिरव्यानिळ्यातून लालसर होताना थांबायचं. त्या चाचणीत खोट नाही. पण बाटलीत जे आलं तेवढंच ती सांगणार. मे महिन्यात या, रात्री या, सुट्टीच्या आदल्या दिवशी या. सत्राचे अध्यक्ष म्हणाले, उत्तम सूचना, 'फ्युचर स्कोप'मध्ये घ्या. मुलीने लिहून घेतलं. चहा झाला.

महाविद्यालयांचं वर्ष जूनला सुरू होतं, प्रकल्प जुलैत मिळतो, नोव्हेंबरात परीक्षा, मे महिन्यात सुट्टी. म्हणून आमचं पाणी कायम पावसाळ्यात मोजलं जातं. कोणी कट केलेला नाही. वेळापत्रकच तसं आहे, आणि वेळापत्रकाविरुद्ध लवादात जाता येत नाही. मला वाटतं, कुठल्याही नाल्याबद्दलचा पेपर छापण्याआधी त्यात एक तरी उन्हाळ्यातला आणि एक तरी रात्रीचा नमुना आहे का एवढं बघायला हवं.

पण खरं सांगायचं तर तो दिवस मला आवडला. किती वर्षांनी कोणाशी तरी ब्युरेटबद्दल बोलले. जैविक प्राणवायू मागणीची चाचणी आपल्याकडे तीन दिवस 27 अंशांवर करतात, परदेशात पाच दिवस 20 वर, यावरून दोन मुलांशी पाऊण तास वाद घातला. परतताना पालघर गेलं तरी मी खुशीत होते. दिलेले पैसे बोईसरला उतरल्यावर आठवले.

ती मुलगी नंतर सालवडला आली. पण मे महिन्यात तिला गावी जायचं होतं. म्हणाली, ताई, तुम्ही नमुने घेऊन ठेवाल का? बाटल्या आणि थर्मासची पेटी देऊन गेली. मी घेतले. रात्री, नवऱ्याला टॉर्च धरायला लावून. तो म्हणाला, याचे पैसे किती? मी म्हटलं, पेपरच्या शेवटी आभार मानणार आहेत.

दरम्यान जाऊबाईंना कर्ज मिळालं. लाटणयंत्र आलं, वाळवण्याचं यंत्र आलं, दोन बायका कामाला. धंदा वाढला तसा अन्नसुरक्षेचा मोठा परवाना घ्यायची वेळ आली, आणि कागदांच्या यादीत निघालं, पाणी पिण्यायोग्य असल्याचा तपासणी अहवाल. पिठात पाणीच घालतात ना. त्या बाटली घेऊन माझ्याकडे आल्या. मी सांगितलं, माझा अहवाल चालणार नाही, मान्यतेच्या लॅबचा हवा. शेवटी बाटली गुजरातला गेली, वापीच्या लॅबमध्ये, माणूस पाठवून, बर्फासकट. बिल बघून जाऊबाई म्हणाल्या, तू यात का नाही पडत? काय बोलणार.

तो कागद मात्र मी झेरॉक्स करून ठेवला. आजूबाजूला मसालेवाल्या, लोणच्यावाल्या, जारवाले, बेकऱ्या किती आहेत ते हिंडून लिहून काढलं आणि नव्या अर्जात 'गिऱ्हाईक' या रकान्यात जोडलं. नावही बदललं, 'अन्न व जल तपासणी केंद्र'. साहेबांची बदली झाली आहे, नव्या साहेबांकडे फाइल आहे.

जानेवारीत पुन्हा परिषद आहे. त्या मुलीचा पेपर निवडला गेलाय, उन्हाळ्याचे आकडे चांगले निघाले म्हणाली. चांगले म्हणजे वाईट. मी तिला सांगितलं, आभारात नको, माझं नाव लेखकांत घाल. लेखकांना प्राध्यापकांच्या दरात नोंदणी मिळते असं पत्रकात लिहिलंय. सरांना विचारून कळवते म्हणाली. नोंदणीची मुदत शुक्रवारी संपते, आणि तिचा फोन आलेला नाही.