त्रेवीच्या जळावरून

रोममधील त्रेवी कारंज्याच्या जीर्णोद्धाराचा सुमारे 22 लाख युरोंचा भार ज्या फेंडी या फॅशन-पेढीने उचलला, तिनेच आपल्या 90व्या वर्षी, जुलै 2016 मध्ये, त्याच कुंडावर पारदर्शक मार्ग अंथरून उंची वस्त्रे ल्यालेल्या ललनांना जणू जळावरूनच चालविले, ते चित्र आज पुन्हा पाहताना माझे मन कौतुक आणि संशय यांच्यामध्ये बराच वेळ हेलकावत राहिले. पायांखाली पाणी लखलखते आहे आणि पाठीशी कारंज्याचा रचनाकार साल्वी याचे, आता मळ उतरलेले, पाषाणशिल्प उभे आहे. दृष्टी दिपते, यात शंका नाही! सार्वजनिक वास्तू एका सायंकाळपुरती निमंत्रितांची जहागीर व्हावी, हे मात्र मला खटकते. तरीही दुरुस्ती 2015 सालीच पुरी झाली होती, मिरवणूक नंतरची. म्हणून माझा कौल पेढीच्याच बाजूने.