बोटाखालची शीर

उजव्या तर्जनीचं टोक बधिर झालंय, साखरेमुळे. लिहिणं, जेवणं, चहाचा कप, कशाचंच अडत नाही. शीर तेवढी लागत नाही. आणि नौदलातला मेडिकल असिस्टंट म्हणून माझी सगळी मिजास त्या टोकावर होती.

मार्च 2019 मध्ये इदाई चक्रीवादळाने मोझांबिकचं बेइरा झोडपलं. बुझी आणि पुंग्वे या नद्यांनी आजूबाजूचा मुलूख गिळला. आपल्या नौदलाची ‘सुजाता’, ‘शार्दूल’ आणि तटरक्षक दलाचं ‘सारथी’ ही जहाजं तिकडे वळवली गेली. आमच्या शिबिरात ताप, जखमा, जुलाब. कॉलरा महिनाअखेरीला जाहीर झाला, पण आटलेलं पोर जाहीर होण्याची वाट बघत नाही. वर्षाच्या आतलं असेल तर किलोमागे 30 मिली सलाईन पहिल्या तासात, 70 पुढच्या पाच तासांत. घालायचं कुठून?

गडद कातडीवर, तंबूतल्या उजेडात डोळे कामाचे नाहीत. बोटाने शोधायची. आटलेली शीर फुगत नाही; दाबून सोडली की जराशी उसळते, शिजलेल्या शेवईसारखी. सुई आत शिरली तरी रक्त येत नाही, कारण मागे दाबच नसतो. नवखा पुढे रेटतो आणि आरपार जातो. मी कॅन्युलात आधी सलाईनचा थेंब भरून ठेवायचो, म्हणजे लाल छटा लवकर कळते. छटेआधीही बोटाला काहीतरी सुटल्यासारखं लागतं. तिथे थांबायचं. ते शिकवायला गेलो की माझी बोबडी वळते.

हाडात सुई घालणारे आता पुष्कळ. शीर मिळेना तर तेच बरोबर, जीव वाचतो. तरी मला ती हार वाटते. खरा प्रतिस्पर्धी मात्र चमचा. 1971 मध्ये बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं आणि कॉलऱ्याने होणाऱ्या मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 4च्या खाली आणलं. थोर माणूस. तरी पोर वाटीने पाणी प्यायला लागलं की आनंदात माझा एक बारीक कोपरा हिरमुसायचा. डॉक्टरांनी मलाच हाक मारावी म्हणून मी शेजारच्या तंबूत उगाच पट्ट्या मोजत रेंगाळायचो.

हल्ली नर्सिंगच्या मुली शिरा दाखवणारा दिवा वापरतात. दिवा शीर दाखवतो, ती टिकेल का ते नाही. परवा त्यांतल्याच एकीने माझं रक्त काढलं, पहिल्या टोचणीत. बोटभर खाली याहून चांगली होती. गप्प बसणार होतो; सांगून टाकलं.