पुसद, सदर आणि सुपरहीरो

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने काढल्या असतीलच. उरल्या असतील तर त्या माझ्या!

तर झालं असं, की मिडसेमनंतर तीन दिवस सुट्टी होती. माझी रूममेट पुसदची. एवढ्याशा सुट्टीत गावी काय जाणार, म्हणून मी तिला सदरला आमच्या घरी घेऊन गेले. होस्टेलवर आम्ही तिला 'पुसद'च म्हणतो अन् मला सगळे 'सदर'. मॅथ्सच्या पेपरच्या आदल्या रात्री अर्धं होस्टेल पुसदच्या पलंगावर असतं.

घरी मामेभाऊ आलेला होता, पत्त्यांचे दोन मोठे खोके घेऊन. एक 'लेजेंडरी', त्यात स्पायडरमॅन आणि मंडळी. दुसरा 'डीसी कॉमिक्स डेक-बिल्डिंग गेम', त्यात बॅटमॅन, सुपरमॅन. दोन्ही २०१२ सालचे.

आपल्या मेंढीकोटात पानं वाटली की नशीब वाटलं गेलं. इथे तसं नाही. सुरुवातीला सगळ्यांना सारखीच फालतू पानं मिळतात. ती खेळून टेबलावरची चांगली पानं विकत घ्यायची. पण घेतलेलं पान लगेच हातात येत नाही. ते टाकलेल्या पानांत जातं. गठ्ठा संपला, सगळं पिसलं, की मग कधीतरी हाती लागतं. म्हणजे आजचा अभ्यास सेमच्या शेवटी उगवतो, तसं! ही पद्धत गाजवली ती २००८ च्या 'डोमिनियन' या खेळाने. २००९ मध्ये त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा मानाचा पुरस्कार मिळाला.

आधी 'लेजेंडरी' लावला. लावायलाच अर्धा तास! यात सगळ्यांनी मिळून एका मुख्य खलनायकाला चार वेळा हरवायचं असतं. तो जिंकला तर सगळेच हरले. आपण जिंकलो तर मात्र शेवटी प्रत्येकाचे गुण वेगळे मोजतात. अगदी ग्रुप प्रोजेक्टसारखं. मग 'डीसी' काढला. हा सोपा आणि सरळ स्वार्थी. जो तो आपापला हीरो घेऊन गुण जमवतो. सुरुवातीच्या दहा पानांत सात 'पंच', प्रत्येकी एक ताकदीचे, आणि तीन 'व्हल्नरेबिलिटी', कसल्याच कामाची नाहीत.

ते पान पुसदने मोठ्याने वाचलं. अडखळत. "वल... ने... रे..."

अन् मी हसले. माझा भाऊही हसला. त्याने तिच्या हातातून पान घेतलं, "दे, मी वाचतो."

तिने बाकीची पानं खाली ठेवली. "मले झोप येऊन राहिली वं," म्हणाली आणि आत गेली.

मला तेव्हा काहीच वाटलं नाही, हे खरं सांगते. रात्री आजीने सुनावलं. आजीच्या शोकेसमध्ये सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आहे. गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, एकूण १२०. दिवसा खेळायचं तर रामाचा मान, रात्री कृष्णाचा. ती पानं दाखवून म्हणाली, "तुमचे सुपरहीरो काय नवे नाहीत. यातला वराह कोणता, कूर्म कोणता, ओळखून दाखव." मी मासा तेवढा ओळखला. आजी हसली नाही. म्हणूनच मला जास्त लागलं.

मागच्या सेमला पुसदचा व्हायवा पडला होता. उत्तरं तिला येत होती. आदल्या रात्री मलाच तिने समजावली होती. प्रश्न इंग्रजीत आले अन् ती गप्प राहिली. मला पास केलं तिने, अन् मी तिच्यावर हसले.

दुसऱ्या दिवशी मी डीसीच्या पानांसाठी मराठी चिठ्ठ्या लिहायला बसले. पहिल्याच पानावर अडले. 'व्हल्नरेबिलिटी'ला काय म्हणायचं? 'असुरक्षितता' लिहिलं, तेही चुकीचं. पुसद मागे येऊन कधी उभी राहिली कळलंच नाही.

"काय लिहून राहिली वं तू? 'कमजोरी' लिही ना सरळ. अन् 'ड्रॉ' म्हणजे 'पान उचल'."

मग ती सांगत गेली, मी लिहीत गेले. माझे रफार ती दुरुस्त करत होती आणि पोट धरून हसत होती. हसू द्या, म्हटलं, हिशोब बरोबर झाला.

संध्याकाळी परत खेळलो. पहिला हात उचलताच ती म्हणाली, "दहा पानं, हातात पाच. म्हणजे दोन हातांत मिळून ताकद सातच. चार-तीन येईल, नाहीतर पाच-दोन. तिसरं काही नाही." आम्ही बघतच राहिलो. आम्ही भारीभारी पानं घेत होतो. ती मात्र आधी 'कमजोरी' गठ्ठ्यातून कायमची बाहेर काढणारी पानं शोधत होती. गठ्ठा छोटा झाला, चांगली पानं लवकर लवकर फिरून येऊ लागली. जिंकली, हे सांगायला नकोच.

म्हणून कोणी विचारलं तर मी 'डीसी' सुचवीन. 'लेजेंडरी'त गोष्ट जास्त रंगते, पण होस्टेलच्या पलंगावर तो मांडायला जागा कुठाय?

परतताना बसमध्ये मी तिला "सॉरी" म्हटलं.

"मराठीत म्हण."

मी खूप विचार केला. "चुकलं माझं."

"बरं," म्हणाली आणि खिडकी तिने घेतली.

आता रोज रात्री जेवणानंतर मी एक्स्टर्नल होते. मी इंग्रजीत विचारते, ती अडखळत का होईना उत्तर देते, आणि मी हसत नाही. व्हायवा पुढच्या महिन्यात आहे. चिठ्ठ्या लावलेला 'डीसी' आमच्या खोलीतच आहे. ज्यांना खेळायचं त्यांनी या, पण पेपर संपल्यावर!